वाचून दाखवले, बरोबर आहे

अप्पा,

तुमची आणि माझी एक तक्रार पहिल्यापासून सारखीच आहे. आपलं बोलणं लोक पुरतं ऐकून घेत नाहीत. तुमचं, कारण तुम्ही फार सावकाश बोलायचात आणि समोरच्याला मधेच वाटायचं, संपलं असेल. माझं, कारण मी इतक्या जोरात बोलते की समोरचा पहिल्या वाक्यालाच बाजू ठरवून मोकळा होतो. आई म्हणायची, एका घरात एक कासव आणि एक फटाका, आणि दोघांना जेवायला मात्र एकाच वेळी लागतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी मनात भांडताना मी आता आवाजही चढवत नाही. पण या शनिवारी सकाळी मला इथल्या लोकांपुढे उभं राहून एका कोर्टाची हद्द वाढवावी की नाही यावर बोलायचं आहे, आणि एक गोष्ट मला उलगडत नाहीये. ती तुम्हालाच विचारायला हवी. समोर असता तर तुम्ही आधी माझाच प्रश्न मला परत म्हणून दाखवला असता आणि शेवटी विचारलं असतं, बरोबर?

मी हॉलंडमध्ये राहते, हे तुम्हाला माहीत नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे त्याच्याच व्हिसावर आले, आधी ब्रेडाला, मग विमानतळाशेजारच्या बाडहूव्हडॉर्पमध्ये. पहिली काही वर्षं सरकारदरबारी मी नुसती कोणाची तरी बायको होते. आता भाडेकरूंना सल्ला देणाऱ्या एका संस्थेत काम करते आणि सभा असेल तिथे बोलते, डच भाषेत, व्याकरणाच्या चुकांसकट, पण बोलते. इथेही तालुका कोर्टासारखं एक कोर्ट असतं. त्याच्या न्यायाधीशाला कांतोनरेख्तर म्हणतात. कांतोन म्हणजे आपला तालुका समजा. भाड्याची, पगाराची, लहानसहान देण्याघेण्याची प्रकरणं त्याच्यापुढे येतात आणि तिथे वकील लावावाच लागत नाही. माणूस स्वतः उभा राहतो आणि स्वतःचं सांगतो. मला हे कळलं तेव्हा मी हरखून गेले होते. तुम्ही बहुधा विचारलं असतं, मग वकील जेवतात काय.

त्याच्याही अलीकडचं एक कोर्ट आता निघालं आहे. पलीकडच्या गावातल्या वाचनालयात, सध्या प्रयोग म्हणून, एक न्यायाधीशबाई बसतात. काळा झगा नाही, उंच टेबल नाही. एका बाजूला मुलांच्या पुस्तकांची कपाटं, दुसऱ्या बाजूला कॉफीचं यंत्र. कुंपण, झाड, कुत्रा, आवाज, अशी शेजाऱ्यांची भांडणं त्या ऐकतात आणि बहुतेक वेळा त्याच बैठकीत मिटवतात. अट एकच आहे, दोघांनी मिळून यायचं. एकाने दुसऱ्याला ओढून आणता येत नाही. आता विचार चालला आहे तो ही अट काढून टाकण्याचा, आणि घरमालक-भाडेकरू, मालक-नोकर यांचीही भांडणं तिथेच ऐकण्याचा. त्यासाठी कोर्ट आणि खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, शनिवारी लोकांना बोलावून विचारणार आहेत. मी कोणत्या बाजूची, हे तुम्हाला सांगायला नको. वाढवा, आणि उद्याच वाढवा. एकटी आई, रात्रपाळी करणारा हमाल, भाषा अर्धीमुर्धी येणारी नवी सून, यांना शहरातल्या काचेच्या इमारतीत कोण नेणार? न्याय जर चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर तो कोणासाठी आहे, असं मी गेल्या दोन सभांत विचारलं आणि दोन्हीकडे टाळ्या पडल्या.

कोर्टाची हद्द वाढवा, ही घोषणा मी पहिल्यांदा ऐकली ती आपल्या तालुक्याच्या कोर्टासमोरच्या मांडवात. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले आहे. वकिलांनी दंडाला लाल फिती बांधल्या आहेत, कामकाजावर बहिष्कार आहे, आणि मागणी आहे वरिष्ठ स्तराच्या न्यायालयाची. आपल्याकडे तेव्हा कनिष्ठ स्तरच होता. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर जिल्ह्याला जायचं. नवऱ्यापासून कायद्याने वेगळं व्हायचं असलं तरी बाईने एसटीने जिल्ह्याला जायचं, पोर काखेत घेऊन, आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. सभेत तुम्हालाही बोलायला सांगितलं होतं. तुम्ही मला म्हणालात, तूच चार ओळी लिहून दे. मी चार ओळींवर थांबणारी नव्हते. जेवायला हाका मारमारून आई थकली. मग ओट्याशी उभं राहून मी ते सगळं भाषण तुम्हाला म्हणून दाखवलं. आईने लाटणं थांबवलं, तव्यावरची पोळी करपली, आणि तिने ती कोणाला बोल न लावता कावळ्याला टाकली, यावरून मला कळलं की भाषण जमलं आहे. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे तुझं म्हणणं, न्याय माणसाच्या दाराशी यायला हवा. बरोबर?" मी चिडून म्हटलं की तेवढंच नाही, आणखी बरंच आहे. तुम्ही कागदाची घडी करून काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलीत.

गावात तुम्हाला बरोबर वकील म्हणत. बरोबर असायचात म्हणून नव्हे, सारखं विचारायचात म्हणून. मंडईत तुम्ही म्हणायचात, अर्धा किलो कांदे, बटाटे नकोत, कोथिंबीर वरून, बरोबर? भाजीवाली म्हणायची, वकीलसाहेब, मी काय आरोपी आहे का? कोर्टातही तेच. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत सांगतात, टंकलेखक टाइप करतो, आणि जबानीच्या शेवटी एक ठरलेली ओळ येते: वाचून दाखवले, बरोबर आहे. तिच्याखाली सही किंवा अंगठा. ओळ न चुकता येते, वाचून दाखवणं राहून जातं, कारण बाहेर पुढच्या प्रकरणाचा पुकारा झालेला असतो. तुम्ही दर वेळी उभे राहायचात आणि म्हणायचात, साहेब, वाचून दाखवावं. एकदा एका बाईने जबानीत म्हटलं, तो आमच्याकडे असायचा, आणि कागदावर झालं, राहायचा, म्हणजे खोलीवर त्याचाही हक्क. असणं आणि राहणं यांच्या मधे त्या बाईची एक अख्खी खोली होती. ती खोली तुम्ही वाचवलीत, आणि तरी त्या दिवशी घरी येऊन म्हणालात, आज कोर्ट माझ्यामुळे उशिरा उठलं, शिपाई फार रागावला.

मांडवात तुमची पाळी आली. मी पहिल्या रांगेत, ओठांनी माझंच भाषण म्हणत बसले आहे. तुम्ही उठलात, कोटावरून हात फिरवलात, खिशात मात्र घातला नाहीत. तुम्ही म्हणालात, "कोर्ट मोठं करा, माझी हरकत नाही. पण ज्या ओळीखाली आपण रोज लोकांच्या सह्या घेतो, ती ओळ आधी खरी करा." आणि खाली बसलात. बारचे अध्यक्ष माइकवर म्हणाले की बरोबर वकिलांच्या वाचनापायी कोर्टाची हद्द राहील बाजूला, वेळ तेवढी वाढेल. सगळे हसले. तुम्हीही हसलात. येताना टपरीवर थांबून तुम्ही सांगितलंत, एक बिनसाखरेचा, एक कडक, बरोबर? मी कडक चहा प्यायले आणि तुमच्याशी बोलले नाही. वरिष्ठ स्तर आला तो तुम्ही गेल्यानंतर. त्या भाषणाचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत.

आता इथलं सांगते. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून माझी एक मैत्रीण राहते. तीही माझ्यासारखीच नवऱ्यामागे आलेली. तो विमानतळावर मालाच्या गोदामात पाळीने काम करतो. तिने जहाजाने घरघंटी मागवली. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, ज्वारी, नाचणी ती दळून देते. आजूबाजूच्या गावांतली मराठी माणसं सायकलच्या टोपलीत डबे घालून तिच्याकडे येतात. हे पीठ इथल्या दुकानात मिळत नाही, आणि मिळालं तरी तिच्यासारखं खमंग भाजलेलं नसतं. ती म्हणते, या देशात माझ्या नावाची एवढी एकच गोष्ट आहे, बाकी सगळं संयुक्त खातं. घरं इथे एकमेकींना चिकटून असतात. भिंतीपलीकडे एक वयस्कर डच बाई एकट्या राहतात. मैत्रिणीला पहिलं डच त्यांनीच शिकवलं, तिच्या घराची जादा किल्लीही त्यांच्याकडेच असते. त्या बाईंना घरघंटीच्या घरघरीचा त्रास होऊ लागला. आम्हाला आधी हसू आलं, कारण डोक्यावरून दिवसभर विमानं जात असतात आणि त्यांचं कोणाला काही वाटत नाही. बाई म्हणाल्या की विमान येतं आणि जातं. हे यंत्र कधी सुरू होईल ते माहीत नसतं, म्हणून मी दिवसभर त्याचीच वाट बघत बसते. मग दोघी मिळून वाचनालयातल्या कोर्टात गेल्या. मिळून म्हणजे खरोखरच मिळून, शेजारीशेजारी सायकली चालवत, वादी आणि प्रतिवादी. तुम्ही हे बघायला हवं होतं.

बैठक इतकी गोडीगुलाबीत चालली की तिथेच घोटाळा झाला. न्यायाधीशबाईंनी दोघींचं ऐकलं आणि सुचवलं, मग ते यंत्र यापुढे घरात चालवायचंच नाही असं ठरवू या का. त्याच वेळी शेजारच्या बाई माझ्या मैत्रिणीकडे वळून हळूच म्हणाल्या, तुला इथवर आणलं याचं मला फार वाईट वाटतं गं. मैत्रीण त्यांना म्हणाली, "खेन बेझ्वार." खेन म्हणजे नाही, बेझ्वार म्हणजे हरकत. पाहुण्याच्या हातून पाणी सांडलं की आपण म्हणतो तसं, हरकत नाही. असं इथे कोणी म्हणत नाही. इथे लोक म्हणतात, काही झालेलं नाही, किंवा असूच दे. बेझ्वार हा कचेरीचा शब्द, विरोध नोंदवायचा असतो तेव्हाचा. न्यायाधीशबाईंनी तो आपल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून घेतला आणि समाधानाने मान हलवली. पाठोपाठ त्यांनी काहीतरी भरभर सांगितलं, सगळ्यांनी हात मिळवले. टपालाने निर्णय आला तेव्हा मैत्रीण तो घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही पक्षांच्या संमतीने, घरघंटी बंद.

ती म्हणाली, "मी कधी हो म्हटलं गं? मी तर तिचं मन राखलं." तिच्या स्वयंपाकघरात घरघंटीवर चादर टाकलेली होती, पाहुणे येणार म्हणून सामान झाकतात तशी, आणि शेजारी भाजलेल्या धान्याचे डबे उघडेच. माझी लेक माझ्याबरोबर आली होती. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. ती म्हणाली, पण काकूने हरकत नाही असं म्हटलं ना, मग न्यायाधीशांचं काय चुकलं? मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे ठरेना. न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. त्यांनी झगा उतरवला होता, टेबल खाली आणलं होतं, कोर्ट अगदी दाराशी आणून ठेवलं होतं. मी सभांमधून जे जे मागते ते सगळं तिथे होतं. आणि तरी त्या खोलीत एक बाई बोलली एक आणि कागदावर उमटलं दुसरं. घरघंटीचं ठीक आहे. उद्या तिथेच कोणाचं घर जाणार, कोणाची नोकरी जाणार. तेव्हा खेन बेझ्वार म्हणणारी माणसं काय करतील? शनिवारच्या भाषणात या प्रश्नाला मला जागाच सापडेना.

निर्णय बदलून घ्यायचा तर परत त्याच कोर्टात जायला हवं, आणि तिथे दोघींनी मिळूनच जाता येतं. म्हणून आम्ही भिंतीपलीकडे गेलो. बाईंनी प्रत्येकीला एक कप चहा आणि एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मी भाषांतराच्या अन्यायावर बोलायला सुरुवात केली होती, तोच टेबलाखाली मैत्रिणीने माझ्या पायावर पाय दिला. मग ती स्वतःच बोलली, शब्द मोजूनमापून. तुमचं म्हणणं, यंत्राचा आवाज अजिबात नको. क्लॉप्त? बाई म्हणाल्या, नाही. मैत्रीण थांबली. बाई म्हणाल्या, आवाज कधी होणार ते मला आधी माहीत हवं होतं, एवढंच; बंद तर तू स्वतःहून केलंस, मला वाटलं, किती मोठ्या मनाची मुलगी आहे. मैत्रीण म्हणाली, म्हणजे दिवस आणि वेळ ठरवायची आणि मी ती पाळायची. क्लॉप्त? बाई म्हणाल्या, "क्लॉप्त."

अप्पा, मी बिस्किट हातात धरून बसून राहिले. हा शब्द मी इथे रोज ऐकते. औषधाच्या दुकानात जन्मतारीख विचारतात, क्लॉप्त? फोनवर पत्ता परत म्हणून दाखवतात, क्लॉप्त? मैत्रीण तो तिथूनच शिकली असणार. शब्दशः त्याचा अर्थ ठोकतं, वाजतं असा आहे. दार ठोठावण्यालाही हेच क्रियापद, काळजाच्या ठोक्यालाही हेच. एवढी वर्षं हा अख्खा देश तुमच्यासारखा सारखा बरोबर, बरोबर विचारतो आहे, आणि मला तो तुमचा शब्द म्हणून एकदाही ऐकू आला नव्हता. याच देशातली एक भली न्यायाधीश, नेमकं जिथे विचारायचं तिथे, तो विचारायला विसरली होती.

दोघी परत सायकलवरून गेल्या. या वेळी मीही होते, मागे बसून, तोंड मिटून. न्यायाधीशबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचे कान लाल झाले. नवा निर्णय त्यांनी एकेक वाक्य वाचून दाखवला आणि प्रत्येक वाक्यानंतर दोघींकडे बघत थांबल्या. घरघंटी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी चालेल, तिच्याखाली जाड रबर असेल, दिवाळीच्या आधी जादा दिवस लागले तर आधी विचारायचं. काल मंगळवार होता. बाई त्या वेळेला मुद्दाम पोहायला जातात, आणि परत येताना नाचणीचं पीठ घेऊन जातात, कारण कोणीतरी त्यांना सांगितलंय की ते हाडांना चांगलं.

म्हणून शनिवारी मी काय बोलायचं? वाढवा, हे मी म्हणणारच, कारण भिंतीपलीकडच्या बाई हट्टी निघाल्या असत्या तर आजच्या हद्दीत माझी मैत्रीण त्या कोर्टाची पायरी परत चढू शकली नसती. एकट्या माणसाला आत यायची परवानगी द्या, भाड्याचं, कामाचं सगळं ऐका. पण त्याबरोबर एक ओळ घाला, की निर्णय लिहून होण्याआधी तो दोन्ही बाजूंना, लागेल तर त्यांच्या भाषेत, वाचून दाखवला जाईल आणि ते काय म्हणतात याची वाट बघितली जाईल. एवढं सांगायला मला किती वेळ लागेल? माझं लिहून तयार असलेलं भाषण पुष्कळ मोठं आहे, त्यात रोमन कायदा आहे, इथल्या जुन्या कांतोनांचा इतिहास आहे, आणि टाळ्यांच्या जागा मला आधीच ठाऊक आहेत. ते मी खिशात ठेवून उभी राहिले तर? मला हेच तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही मांडवात माझा कागद का काढला नाहीत? तो वाईट होता का? की तो चांगला होता आणि लोक त्यालाच टाळ्या देऊन घरी जातील, अशी तुम्हाला धास्ती वाटली? की त्या गर्दीत तुम्हाला वाचायला चष्माच सापडला नाही? मी या तिन्हींवर विश्वास ठेवून पाहिला आहे, आणि आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा खरा वाटतो.

हे पत्र कुठे टाकायचं याचा प्रश्न नाही, पण टाकणारच नसले तरी लिहून झालं की नियम पाळावा, म्हणून मी ते आत्ता ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचलं. लेक टेबलाशी अभ्यास करत होती, तिने मान वर केली नाही. वाचताना मी एका ठिकाणी अडखळले. मांडवातलं तुमचं वाक्य मी वर लिहिलं आहे तसं तुम्ही म्हणाला नव्हतात. तुम्ही माइकपासून लांब उभे होतात आणि मला ऐकू आलं ते इतकंच, "वाचून दाखवत जा म्हणजे झालं." बाकीची ओळ माझी आहे. ती अधिक चांगली वाटली म्हणून मी तुमच्या तोंडी घातली, आणि आता ती खोडवत नाही. वाचून दाखवलं आहे. बरोबर नसेल तर हरकत घ्या, अप्पा.